आधी फुटपाथ, मग रस्ता

"एकच कोपरा, श्रीनिवास. अख्खं शहर नाही मागत मी."

"तो कोपरा माझ्या बहिणीचा आहे, मधू."

"म्हणून तर म्हणतेय. लोकांच्या बहिणीचा असता तर मी कशाला बोलले असते?"

"झालं. हेच ऐकायचं नव्हतं मला."

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळपासून पंखा पूर्ण वेगात फिरत होता, तरी श्रीनिवासची मान घामाने ओली होती. समोर लॅपटॉपवर कॅनडातल्या एका शहराचा नकाशा. तिथे अजून कालची संध्याकाळ होती आणि त्या संध्याकाळवर मोठं वादळ चालून येत होतं. रात्रभर बर्फ पडणार, मग नांगर निघणार. पुढे लोखंडी पातं लावलेल्या, रस्त्यातला बर्फ कडेला सारत जाणाऱ्या ट्रकला श्रीनिवास नांगर म्हणायचा. कुठला नांगर कुठल्या गल्लीत कधी शिरेल, हे ठरवणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. बर्फ त्याने आजवर पाहिला होता तो उसाच्या रसात.

"बाबा, यू नेव्हर टच स्नो बिफोर, ला," सोफ्यावरून इरा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. डिसेंबरची सुट्टी, त्यामुळे ती दिवसभर घरात. "हाऊ दे लेट यू?"

"तू तुझं दूध पी," मधुवंती म्हणाली. मुलगी खोटं बोलत नव्हती, म्हणून जास्तच रागावून.

श्रीनिवास पुण्यात सहकारनगरच्या दोन खोल्यांत वाढला. आई नोकरीला जायची, त्यामुळे सकाळचा केर अंजलीताईने आणि त्याने आळीपाळीने काढायचा. नियम एकच, आतून बाहेर. आधी खोली, मग उंबरा, मग पायऱ्या, शेवटी समोरचा रस्ता. उलटं केलं की आई काही न बोलता केरसुणी पुन्हा हातात द्यायची. पुढे इंजिनिअर झाला, सिंगापूरला आला, शाळेच्या बसचे मार्ग आखले, कचऱ्याच्या गाड्यांचे आखले. माणूस कामात पक्का, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मागच्या खुर्चीत सरकणारा. गॅस बंद केला का हे दोनदा बघणारा, आणि लिफ्टमधून परत येऊन तिसऱ्यांदा बघणारा.

आयुष्यात एकाच मीटिंगमध्ये तो आपणहून बोलला, ती ही बर्फाची. "आधी फुटपाथ, मग रस्ता," तो म्हणाला. "माणसं आधी, गाड्या नंतर." पडद्यावरची कॅनडाची मंडळी खूश झाली, साहेबांनी पाठ थोपटली. घरी येऊन त्याने मधुवंतीला श्रीखंड आणायला लावलं. सिंगापुरातल्याच क्वीन्सटाउनच्या त्या ऑफिसात कुणी पुण्याचं, कुणी पेनांगचं, कुणी मनिलाचं. नांगर बर्फ कडेला सारतो तेव्हा ती कड म्हणजेच फुटपाथ, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. कॅनडाच्या लोकांनी गृहीत धरलं की फुटपाथ साफ करणारं छोटं यंत्र नंतर दुसरी फेरी मारेलच. त्या शहरात हा प्रोग्रॅमचा पहिलाच हिवाळा होता.

गेल्या आठवड्यात पहिला बर्फ पडला आणि ताईचा व्हिडिओ आला. ताई त्याच शहरात राहते. भाऊजी गेल्यापासून एकटी. दिवसाआड डायलिसिस. न्यायला गाडी येते, पण ती गल्लीत वळत नाही, तोंडाशी मोठ्या रस्त्यावर थांबते. व्हिडिओत गल्लीच्या तोंडावर गुडघ्याच्या वर ढीग, ढिगात अडकलेला ताईचा वॉकर, आणि ढिगावरच बसलेली ताई. "बघ रे श्री," ती हसत होती, "पहाटे कुणीतरी छान साफ करून गेलं, मागून कुणीतरी येऊन सगळं परत टाकलं. काय अक्कल बघ एकेकाची."

तो व्हिडिओ त्याने किती वेळा पाहिला, देव जाणे. सांगितलं कुणालाच नाही. काल वादळाची बातमी आली तेव्हा मधुवंतीजवळ बोलला, आणि आज सकाळपासून हे चालू होतं.

"मागच्या वेळी थोडा होता, ड्रायव्हरने ओढून काढलं त्यांना," मधुवंती म्हणाली. "या वेळी कमरेइतका पडणार म्हणतात. डायलिसिस चुकलं तर काय होतं, तुला माहितीये."

"माहितीये."

"मग? तुला खास ठिकाणं टाकता येतात ना? हॉस्पिटलची टाकतोस तशी. तिथे नांगरानंतर पुन्हा यंत्र जातं, तूच सांगितलंस. ताईंचा कोपरा टाक. कोण बघतंय?"

"आणि बाकीचं शहर?"

"बाकीच्या शहराचं साहेबांना सांग. इथे काम करायच्या पासचं रिन्यूअल होऊ दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर पहिला प्रश्न येईल, हा क्रम ठरवला कोणी? श्रीखंड खाणाऱ्याने."

तो हसला नाही. त्याने नकाशा मोठा केला, ताईच्या गल्लीच्या तोंडावर बोट आणलं. एक निळा ठिपका उमटला. इतकं सोपं होतं.

तेवढ्यात ताईचाच फोन. पडद्यावर तिची लोकरी टोपी आणि मागे काळी खिडकी.

"सुरू झालाय रे," ती म्हणाली. "अगदी बारीक. उद्या गाडी येईल ना, ही काळजी. तुझा चेहरा का असा?"

श्रीनिवासने सांगितलं. सगळं, आईच्या केरासकट. ताई टोपी मागे सारून म्हणाली, "म्हणजे मी ज्या ढिगात बसले तो तुझा होता होय. तरी म्हटलं ओळखीचा का वाटतोय."

"ताई, चेष्टा नको. तुझा कोपरा मी खास टाकलाय. उद्या साफ असेल."

"बरं केलंस. आमचे पोर्तुगीज आजोबा पुढच्या कोपऱ्यावर गाडी धरतात, माझ्याच गाडीत असतात. तोही टाकशील?"

"टाकतो." दुसरा ठिपका.

"आणि ती ढकलगाडीवाली पोर, जुळ्यांची. बसस्टॉपपाशी."

तिसरा ठिपका. श्रीनिवासचं बोट पुढच्या नावाची वाट बघत नकाशावर तसंच थांबलं. सगळं शहर पांढरं, आणि त्यात तीन निळे ठिपके, तिन्ही ताईच्या हाकेच्या अंतरावर.

"अजून कोण गं, ताई?"

"मला इथे किती माणसं माहीत असणार, श्री?" ताई म्हणाली. "माझ्या ओळखी संपल्या की काय करशील?"

त्याने बोट नकाशावरून उचललं. ताईच म्हणाली, "भात खाली लागेल, ठेवते," आणि पडदा काळा झाला.

श्रीनिवासने घड्याळ पाहिलं. नांगर निघायला तिथली मध्यरात्र व्हायची होती, म्हणजे इथली दुपार. तोवर क्रम बदलता येत होता, सगळ्या शहराचा, पण ते फक्त साहेबांच्या सहीने. त्याने लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला आणि दाराशी जाऊन बूट ओढले.

"ऑफिसला?" मधुवंती स्वयंपाकघराच्या दारात आली. "आज घरून काम आहे ना तुझं?"

"फोनवर सांगितलं तर साहेब नुसतं 'बघू' म्हणतील."

"ठिपके टाकलेस ना पण? ताईंचं झालं ना काम?"

तो नाडी बांधत होता. गाठ सुटली, त्याने पुन्हा बांधायला घेतली.

"श्रीनिवास, नोकरी गेली तर पास जातो. इराची शाळा अर्ध्यावर. हे घर." तिचा आवाज खाली आला. सकाळपासून भांडणारी ती हीच का, असं वाटावं इतका. "काय सांगणार आहेस तिथे? चूक माझी, असं सांगणार आहेस का?"

तो उभा राहिला. सवयीने एकदा गॅसकडे बघितलं, एकदाच. दाराबाहेरचं लोखंडी गेट उघडलं आणि कॉरिडॉरमधून लिफ्टकडे निघून गेला.