जबड्याआडची खोली

"तीन बोटं घाल बघू तोंडात. अशी नाही, उभी. एकावर एक."

दाढ दुखते म्हणून कोणी आलं की मॅडमचं पहिलं वाक्य हे. नाव, गाव नंतर. तुम्हीही आत्ता करून बघा. निरोगी माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. मावली नाहीत की मॅडमच्या कपाळावर आठी पडायची. एका लग्नात समोर बसलेले नवरदेवाचे मामा जिलबीचे बारीक तुकडे करून खाताना त्यांनी पाहिले आणि पंगतीतच त्यांना बोटं घालायला लावली. दोनच गेली. "सुपारी-तंबाखूचा मावा खाता ना? उद्या दवाखान्यात या." मामा ताटावरून उठून गेले, पण दुसऱ्या दिवशी आले.

सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात त्या तोंडाच्या आणि जबड्याच्या सर्जन होत्या आणि मी भूल देणारा डॉक्टर. बरीच वर्षं आम्ही एकाच टेबलाशी उभे राहिलो. त्यांना कापायला जी जागा लागायची, तीच मला श्वासाची नळी घालायला लागायची, त्यामुळे भांडणंही भरपूर झाली. पलूसकडच्या शेतकरी जैन घरातली बाई. एरवी बोलणं पुस्तकी, पण चिडल्या की थेट गावची बोली.

शिकाऊ डॉक्टरांना त्या सांगायच्या, "चेहरा आत असतो. बाहेर दिसते ती नुसती कातडी." मग डावा हात उभा धरायच्या, ते जबड्याचं हाड. त्याच्या आड उजवी मूठ. "इथं एक खोली आहे. खिडकी नसलेली. तोंड मिटणारे, जबडा सरकवणारे स्नायू इथं. खालच्या दातांना, जिभेला जाणाऱ्या नसा इथून जातात. रक्तवाहिन्या तर वेलीसारख्या पसरलेल्या. अक्कलदाढेतला पू या खोलीत शिरला तर गाल सुजत नाही. स्नायू आखडतो, तोंड मिटतं. माणूस आरशात बरा दिसतो आणि आत मरत असतो. पुढचं दार घशाशेजारी उघडतं. तिथून वाट खाली छातीत."

नाकाशेजारची पुटकुळी फोडणाऱ्या एका शिकाऊ मुलीच्या हातावर त्यांनी चापट मारलेली मी पाहिली आहे. "तिथल्या शिरांची वाट मेंदूपर्यंत जाते, बये. पावडर लाव हवी तर."

तातडीच्या विभागात बसणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हे तीन बोटांचं शिकवायला महिन्यातून एक तास द्या, अशी त्यांची मागणी होती. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडे तो तास कधीच नव्हता. नव्या यंत्राची फीत कापायला पाहुणे यायचे तेव्हा मात्र अख्खी सकाळ आम्ही सगळे हार घेऊन उभे असायचो.

मॅडम व्याख्यानासाठी साताऱ्याला गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंग करणारी एक बाई कामाची पाळी संपवून एकटीच आमच्याकडे आली. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असं तिनं सांगितलं. ड्यूटीवरच्या पोरानं गाल बघितला. सूज नव्हती. वेदनेच्या गोळ्या दिल्या, शेक घ्यायला सांगितलं आणि घरी पाठवलं. तोंड उघडत नव्हतं म्हणून त्यानं तोंडात पाहिलंच नाही.

पुन्हा आली तेव्हा तिला नवऱ्यानं धरून आणलं होतं. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती पुढं वाकून बसली होती आणि गळणारी लाळ पदरात टिपत होती. मॅडम परत आल्या होत्या. त्यांनी बोट पुढं केलं. करंगळीचं टोकसुद्धा आत गेलं नाही.

माझी नळी तोंडातून जाणं शक्य नव्हतं. मॅडमनी आधी गळ्यातून श्वासाला वाट करून दिली, मग जबड्याखाली छेद घेतला. त्यांचं बोट हाडाच्या आतल्या अंगानं वर गेलं आणि पू आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पू खाली छातीपर्यंत उतरला होता. ती काही दिवस झुंजली आणि गेली.

ती गेली त्याच दुपारी साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला होता.

"नवरा बाहेर बसलाय. त्याला समजावून सांगा, पेशंटला उशिरा आणलं. खोटं काय त्यात? उशीर झालाच होता."

"झाला," मॅडम म्हणाल्या. "कुणी केला?"

"मॅडम, एका पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"त्या पोराला शंभर रोग्यांपुढं एकट्याला बसवलं कुणी? त्याला शिकवायला तास मागत हुते, त्याला न्हाई म्हनलं कुनी?"

बोली बदललेली पाहून मी कप खाली ठेवला. मॅडमचं बरोबर आहे, एवढं मीही म्हणालो. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मॅडम उठल्या आणि मी त्यांच्यामागून बाहेर पडलो.

तो बाकावर बसला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. मॅडमना बघून उभा राहिला.

"मॅडम, म्याच उशीर केला न्हवं? गोळ्या हायेत म्हनून थांबलो. लगेच पुन्ना आनायला पायजे हुती."

"बसा. तुम्ही उशीर केला नाही. ती वेळेवर आली होती, स्वतःच्या पायांनी आली होती. तेव्हाच तिला दाखल करायला हवं होतं. आम्ही परत पाठवली."

तो पुन्हा बाकावर टेकला.

"म्हंजी ती खरं सांगत हुती," तो म्हणाला. "घरी आल्यावर म्हनली, डॉक्टरनं तोंडात बघितलंच न्हाई. मी तिलाच म्हनलो, आसं कसं हुईल? एवढा मोठा दवाखाना हाय. तुलाच नीट सांगता आलं नसंल."

मॅडम त्याच्याशेजारी बसल्या. "ती खरं सांगत होती," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांना रडू आवरलं नाही. बाकावर दोघं शेजारी बसून रडत होते आणि जाणारे-येणारे आम्हाला वळसा घालून चालले होते. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल, अशा ठिकाणी काय होतं ते. मॅडमचा करार संपत आला होता, तो पुढं वाढवला नाही. कारण विचारलं तर 'शिस्त' असा एकच शब्द मिळाला. केबिनमध्ये मीही त्यांच्याच बाजूनं बोललो होतो, पण भूल देणारा डॉक्टर सहजी मिळत नाही, म्हणून मी अजून शिस्तीत आहे. साहेब आहेत. चहाही तसाच येतो.

त्या ड्यूटीवरच्या पोरावर मॅडम कधी ओरडल्या नाहीत. उरलेल्या दिवसांत रोज सकाळी त्यांनी त्याला स्वतःच्या शेजारी बसवलं आणि आलेल्या प्रत्येक रोग्याचं तोंड बघायला लावलं. तो आज चांगलं काम करतो. त्या गेलेल्या बाईचं नाव निघालं की मान खाली घालतो.

निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या संध्याकाळी पिशवी घेऊन त्या फाटकापाशी रिक्षा बघत होत्या. मी सोडायला आलो होतो. तेवढ्यात एक दुचाकी थांबली. त्या बाईचा नवरा होता, कुपवाडहून कामाची पाळी संपवून थेट आलेला.

"कळालं मला. स्टँडवर सोडतो, बसा."

"अहो, तुम्हाला उलटं पडेल."

"पडू द्या की."

त्यानं पिशवी पुढं घेतली, रुमालानं मागची सीट पुसली आणि मॅडम नीट बसेपर्यंत गाडी तोल सांभाळून धरली. "धरून बसा हां," तो म्हणाला. मॅडमनी एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. गर्दीत शिरताना तो दोनदा मागं वळून बघत होता, नीट बसल्या आहेत ना म्हणून.