आणखी एक पुढे धावणारा फुलबॅक

सिंगापूरला आमची मराठी मंडळींची हॉकी टीम होती, हे सांगितलं की लोक आधी हसतात. दोन हजारनंतरची ती वर्षं. रॅफल्स प्लेसच्या बँकांमधले अकाउंटंट, पुण्यामुंबईहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेले सॉफ्टवेअरवाले, आणि कॉलेजात हॉकी खेळलेल्या आम्ही दोघीतिघी बायका. रविवारी सकाळी जुरोंग ईस्टजवळच्या मैदानावर बायका-पुरुषांचे एकत्र सामने व्हायचे. मी गोलकीपर. माझ्यापुढे दोन फुलबॅक, म्हणजे गोल राखणारे गडी. त्यातला एक माझा नवरा.

दुसरा नावालाच फुलबॅक होता. स्टिकला बॉल लागला की हा सुटलाच थेट समोरच्या गोलकडे. गोल करायचा, टाळ्या घ्यायचा आणि रमतगमत परत यायचा. तोवर त्याची बाजू मोकळी पडलेली असायची आणि नवरा एकटा दोन्हीकडे धावत असायचा. नवऱ्याला मध्यरेषा ओलांडताना पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. "मैदानावरसुद्धा बायकोचं दार सोडत नाही," म्हणून सगळे त्याला चिडवायचे. तो नुसता हसायचा.

त्या वर्षी आमच्या कॅप्टनच्या डोक्यात आलं की असा पुढे धावणारा आणखी एक फुलबॅक हवा. तुआसच्या एका टीमकडे तसा एक होता, तिथल्याच कारखान्यात इंजिनिअर. त्याला विचारलं तर तिथल्या इंग्रजीत म्हणाला, "कॅन लाह," म्हणजे जमेल की. त्याची टीमही सोडायला तयार होती. त्यांचं म्हणणं एवढंच, की बदल्यात तुमचा तो जागा न सोडणारा माणूस आम्हाला द्या. म्हणजे माझा नवरा.

आमच्यात सभा घेतल्याशिवाय काही व्हायचं नाही. मोज्यांचा रंग बदलायचा तरी ठराव, त्याला सूचक, मग अनुमोदक. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, दोन टेबलं जोडून सभा भरायची आणि अध्यक्ष कायम माझा नवरा, कारण तो सगळ्यांत कमी बोलायचा. त्यामुळे त्याला देऊन टाकायच्या सभेचं अध्यक्षस्थानही त्यानंच भूषवलं. यात काही चुकतंय असं एकाच्याही मनात आलं नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. "एक पळतो तेव्हाच माझी तारांबळ उडते. दोघंही पळाले तर मी तिथे एकटी काय करू? घरातली सगळी एकदम बाजारात गेली, तर दाराशी कोण?"

"वहिनी, आपण दोन गोल खाऊ, पण चार मारू," कॅप्टन म्हणाला.

"खायला मी, मारायला तुम्ही!"

"गोलकीपरबाईंचा मुद्दा नोंदवून घ्या," अध्यक्ष म्हणाले. मला असा संताप आला!

कॅप्टन सूचक झाला. अनुमोदक कोण, म्हटल्यावर मात्र सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. ठराव पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाला. एवढं सगळं होईपर्यंत नवऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती, आणि तेच मला स्वस्थ बसू देईना. या माणसाच्या मनात आहे तरी काय?

घरी परतताना एमआरटीत, तिथल्या मेट्रोत, बसल्याबसल्या विचारलं. "तुला देऊन टाकतायत. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. मला जायचंय."

मी त्याच्याकडे वळून बसले. "का?" तो म्हणाला, "कॉलेजात मीही तसाच खेळायचो. बॉल मिळाला की पुढे."

लग्न होऊन एवढी वर्षं झाली, आणि हे मला नवीन होतं. "मग इथे काय झालं?"

"आपला पहिला सीझन आठव. मी पुढे गेलो होतो आणि तुझ्या खांद्याला बॉल लागला. तेव्हापासून तू मागे उभी असलीस की रेषेपाशी पायच अडतात."

तो मार मी विसरूनही गेले होते. आधी रागच आला. "अरे, एवढी पॅडं बांधून उभी असते मी! मी काय काचेची बरणी आहे?" डब्यातली माणसं वळून बघायला लागली. मग मी आवाज खाली आणला. "आणि तुआसवाल्यांना ठाऊक आहे, तू पळणार ते?"

"त्यांनी विचारलं नाही."

पुढच्या रविवारी कॅप्टननं ठराव पुन्हा मांडला. "अनुमोदक?" अध्यक्षांनी विचारलं. मी हात वर केला.

"वहिनी, तुम्ही?"

"मी."

"ठराव एकमतानं संमत," नवरा म्हणाला. मान वर न करता.

नवा फुलबॅक आला. मुलगा गुणी होता, खेळही छान. आणि मला वाटलं होतं तेच झालं. दोघंही पुढे, आणि समोरच्यांच्या धाडीला तोंड द्यायला मी एकटी. ओरडून ओरडून घसा बसायचा. आम्ही गोल जास्त मारले आणि जास्त खाल्लेही. अदलाबदल बरोबर होती की चूक, याचा मी अजून विचार करते आणि अजून काही ठरत नाही.

मग तुआसशी सामना आला. पहिल्या हाफमध्ये नवरा शहाण्यासारखा मागे राहिला. दुसऱ्या हाफमध्ये आमचे दोघं नेहमीसारखे वर गेलेले असताना बॉल त्याच्याकडे आला. तो क्षणभर थांबला, आणि निघाला. मध्यरेषा ओलांडली. त्याचीच टीम मागून "बॅक! बॅक!" ओरडत होती. तो सरळ माझ्याकडे येत होता.

इतकी वर्षं मैदानावर मला त्याची पाठच दिसत आली होती. खेळताना त्याचा चेहरा कसा होतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. तोंड उघडं, डोळे मोठे, केस कपाळाला चिकटलेले, आणि हसत होता. मी पुढे येऊन त्याला अडवायला हवं होतं. पण मी बघतच राहिले. गोलच्या मागच्या फळीवर बॉल आदळल्याचा आवाज झाला, तेव्हा मला कळलं की गोल झालाय.