खंडेनवमीचं पाणी

त्या गाडीपायी मी एका माणसाचं डोकं फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला बिचारा म्हातारा समजणार नाही.

मी चौथी शिकलो. पुढचं सगळं मारानं शिकलो. आमचं गाव तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात. नदी जिकडं जाते तिकडंच आम्ही आलो, सुरतेला. लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात आणि लूमला सांचा. सांचे दुरुस्त करणाऱ्या ज्या मास्टरच्या हाताखाली मी लागलो तो पान्ह्यानं शिकवायचा, आणि तो पान्हा सांच्यावर नाही, आपल्या बोटांच्या पेरांवर बसायचा. एकदा चालत्या सांच्यातला धोटा सुटला आणि शेजारच्या माणसाचा डोळा घेऊन गेला. मास्टरनं त्याला दवाखान्यात पाठवलं आणि धोटा पुसून परत लावला. पुढे मी मास्टर झालो आणि तसंच शिकवलं. बिघडलेला सांचा अन् चुकार कामगार, दोन्ही ठोकल्यावर चालतात अशी माझी समजूत होती. सांच्यांच्या बाबतीत ती बरीचशी खरी होती.

मुलाला मी खात्यात जाऊ दिलं नाही. तो एका शेठकडे ड्रायव्हर झाला. शेठची एक गाडी होती, ना जीप ना कार, उंच बांध्याची, अर्धी पेट्रोलवर आणि अर्धी लाइटवर. भिंतीतल्या प्लगला लावून चार्ज करायची. वॉरंटी संपली तशी शेठच्या पोरांना नवी हवी झाली आणि ही माझ्या मुलाच्या गळ्यात आली. गावचं घर विकून मी त्यात पैसे घातले. इच्छापोरच्या एका कारखान्यात बाहेरदेशचे इंजिनिअर येतात, त्यांना हॉटेलातून कारखान्यात न्यायचं कंत्राट मुलानं धरलं होतं. त्या लोकांना धूर नसलेली गाडी हवी होती. अट एकच, गाडी रस्त्यात बंद पडायची नाही.

कोसाडच्या आमच्या कॉलनीत ती उभी राहिली की लोक बघायला यायचे. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडलेली असायची. मी मुलाला म्हणालो, एका जुवाला बैल अन् घोडा जुंपलास, दोघं कधी एका चालीनं जायचे? तो हसला.

पहिल्या सहा महिन्यांत त्या गाडीनं आम्हाला रडवलं. मागच्या सीटखाली पेटीएवढी बॅटरी, आणि डिकीत एक लहानशी बॅटरी असते, साध्या गाडीला असते तशी. ती लहान मेली की मोठी भरलेली असूनही गाडी हलत नाही, दारही उघडत नाही. कडोदऱ्याच्या पुलावर तशी ती मेली आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं उतरून माझ्या मुलाची गचांडी धरली. दुसऱ्यांदा उंदरांनी वायरी कुरतडल्या. रोजचं सगळं चार्जवरच भागायचं, इंजिन सुरूच व्हायचं नाही, त्यामुळे टाकीतलं पेट्रोल शिळं झालं आणि गरज पडली तेव्हा इंजिन खोकत बसलं. एका सकाळी चार्जिंगचा प्लग आत अडकून बसला, लॉक सुटेना. मुलगा फोनवर वर्कशॉपशी बोलत होता. मी हातोडा घेतला आणि तीन घावात प्लग मोकळा केला. लॉकही मोकळं झालं, कायमचं. त्याचं बिल आलं त्यात आमच्या खात्यातला एक जुना सांचा आला असता. मुलानं बिल घडी करून खिशात घातलं. त्याची आई मात्र बोलल्याशिवाय राहिली नाही. ती म्हणाली, "तुमना हात नई शे, घन शे." घन म्हणजे लोहाराचा मोठा हातोडा.

मग खंडेनवमी आली.

खात्यात त्या दिवशी सांचे बंद. धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, कुंकू लावायचं. आमच्या मास्टर लोकांची एक रीत होती, पूजेच्या दिवशी कोणतंच यंत्र तहानलेलं ठेवायचं नाही. जिथं तेल लागतं तिथं तेल, जिथं पाणी लागतं तिथं पूजेच्या तांब्यातलं पाणी. आधी मी रिक्षा घेतली होती, तिच्या रेडिएटरलाही तसंच पाजायचो. तर मुलगा आंघोळीला गेला तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडलं. आत तीन पांढऱ्या बाटल्या. एकीतलं पाणी खुणेच्या बरंच खाली. मी झाकण उघडून तांब्या ओतला. पाणी आमच्या बोअरचं, खारट, तेच कॉलनी वापरते. झाकण लावून त्यावर बोटानं कुंकू लावलं आणि नारळ फोडला. कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दिवाळीनंतर हजीरा रोडवर दोन पाहुणे आत असताना गाडी थांबली ती थांबलीच. समोर लाल अक्षरं आली आणि सगळं मेलं. पाहुणे रिक्षानं कारखान्यात गेले. कंत्राटवाल्यानं मुलाला सांगितलं, आठवडा देतो.

चौथ्या दिवशी वर्कशॉपनं बोलावलं. मीही गेलो. मला वाटलं, पोराला हे लोक नाडणार, मशीनचं कळणारं माणूस बरोबर असावं. तिथला मॅनेजर पन्नाशीचा, टाय लावलेला, शांत बोलणारा. त्यानं समजावून सांगितलं की सीटखालच्या मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला एक वेगळं पाणी फिरतं. ते साधं पाणी नसतं, त्यातून वीज जात नाही असं बनवलेलं असतं. तुमची एक नळी आतून पाझरत होती म्हणून ते कमी झालं होतं. नुसती नळी बदलली असती तर काम झालं असतं. पण कोणीतरी वरून खारं पाणी घातलं, आणि तेच पाझरून बॅटरीच्या पेटीत गेलं. आता पेटी बदलायची. आकडा त्यानं कागदावर लिहून पुढे सरकवला. गाडी जितक्याला घेतली त्याहून जास्त होता.

मग त्यानं ती पांढरी बाटली टेबलावर ठेवली. तळाला तांबूस गाळ. झाकणावर माझ्या बोटाचं कुंकू, वाळून काळपट झालेलं.

"काका, आमां पाणी कोणे नाख्युं?"

यात पाणी कोणी घातलं, हे त्यानं मला विचारलं होतं. उत्तर मुलानं दिलं. मुलानं झाकण बघितलेलं मी बघितलं. त्यानं ते उचललं, अंगठा कुंकवावर ठेवला आणि पुसून टाकलं.

"आमच्या घरात कोणी हात लावत नाही," तो म्हणाला. "माझे वडील मास्टर आहेत, तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. पाणी मागच्या सर्विसला तुमच्याच माणसांनी घातलं असेल."

मॅनेजर हसला नाही, चिडला नाही. म्हणाला, असं असेल तर माझ्या दोन माणसांच्या पगारातून कापलं जाईल आणि माझी नोकरी जाईल. तुम्ही पुन्हा एकदा विचार करून सांगा. आणि तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं.

मी बोललो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांच्या चुका पान्ह्यानं दाखवल्या त्याच्या तोंडून आपली चूक कशी निघणार? माझ्या उजव्या हाताला ट्रॉलीवर चाकाचा पान्हा होता. मॅनेजर बाटली उचलायला वाकला आणि मी तो त्याच्या डोक्यात घातला.

पांढऱ्या फरशीवर रक्त फार लाल दिसतं. सांच्याच्या तेलकट जमिनीवर ते तसं दिसत नाही, म्हणून मला कधी त्याची किंमत कळली नव्हती. त्याची माणसं धावली. एकानं मला कमरेत लाथ घातली, मी पडलो. मुलगा माझ्यावर आडवा झाला आणि पुढचे सगळे दांडे त्यानं खाल्ले. त्यानं एकाचा गळा धरला तेव्हा दुसऱ्यानं त्याचा उजवा हात फरशीवर दाबून त्यावर दांडा मारला. दोन बोटं मोडल्याचा आवाज मी त्याच्या पोटाखाली पडून ऐकला. सुका दोरा तुटतो तसा होता, मोठा नव्हता.

मॅनेजरला सात टाके पडले. तक्रार आम्हा दोघांवर झाली. चौकीतून आम्हाला जामिनावर सोडलं, पण कारखान्याच्या गेटवर ड्रायव्हरला पोलिसांचा दाखला लागतो. मुलाच्या नावावर केस राहिली तर इच्छापोरच काय, सुरतेतला कोणताही कारखाना त्याला आत घेणार नव्हता.

मॅनेजरनं निरोप पाठवला. पाणी कोणी घातलं ते लिहून द्या, मुलाचं नाव मी काढतो. म्हाताऱ्याचं काढणार नाही.

मुलानं नाही सांगितलं. प्लास्टर मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हणालो, "तुले माहीत शे ना, कोनी घातं ते?"

"माहीत शे."

"मंग कसाले खोटं बोलना?"

तो म्हणाला, "आबा, चाळीस माणसं तुम्हाला मास्टर म्हणायची. त्या टायवाल्याला तुम्हाला अडाणी म्हणू द्यायचं होतं का मी?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हात वर गेलाही. मग त्याच्या बोटांकडे नजर गेली आणि हात तसाच खाली आणला. आयुष्यात वर गेलेला हात रिकामा खाली आल्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी एकटा बस धरून वर्कशॉपला गेलो. गेटवरच्या माणसानं मला ओळखलं आणि माझी कॉलर धरूनच आत नेलं. मॅनेजरच्या डोक्याला पट्टी होती. मी कागद मागितला. चौथीच्या अक्षरात लिहिलं की पाणी मी घातलं, मुलाला माहीत नव्हतं, वर्कशॉपच्या माणसांचा दोष नाही, डोकं मी फोडलं. खाली सही केली. अंगठा देत नाही मी.

मॅनेजरनं ते दोनदा वाचलं. घडी घातली, खिशात ठेवलं. उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि सगळ्या माणसांसमोर माझ्या कानशिलात मारली. जोरात. माझी टोपी लांब गेली. मी जागेवरून हललो नाही. म्हटलं, "अजून एक मार. टाके सात होते."

त्यानं दुसरी मारली नाही. टोपी उचलून टेबलावर ठेवली आणि कामाला लागला.

त्यानं शब्द पाळला, मुलाचं नाव काढलं. माझी केस चालू आहे, तारखेला मी धुतलेलं धोतर नेसून जातो. गाडी भंगारात सुट्या भागांसाठी गेली, कंत्राटही गेलं. बोटं जुळल्यावर मुलाला त्याच इच्छापोरच्या रस्त्यावर दुसऱ्याची डिझेल गाडी चालवायला मिळाली. मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही, गिअरवर ते सरळ उभं राहतं.

यंदा खंडेनवमीला ती डिझेल गाडी दारात होती. मी तांब्या भरून खाली उतरलो तर मुलानं बॉनेट आधीच उघडून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आबा, कुंकू तुम्ही लावा. पाणी मी घालतो."

मी तांब्या त्याच्या हातात दिला. पण पाण्याची बाटली कोणती, ते मी बघून ठेवलंय.