दोन बोटं वाढवून

डॉक्टरबाईंना चिडायला कारण लागत नाही, असं त्यांच्या घरचे म्हणत. ते काही खरं नव्हतं. कारणं रोज सकाळी साडेनऊला दवाखान्याच्या बाकावर येऊन बसत, आणि बहुतेकांच्या मांडीवर एक दुखावलेलं शेपूट असे.

बावीस वर्षं त्या कुत्र्यामांजरांवर शस्त्रक्रिया करत होत्या. पाय जोडले, गाठी काढल्या, एका बोक्याच्या पोटातून रबराचं बूच काढलं. पण नाव झालं ते शेपट्यांचं. सुरुवातीला दोन-तीन कुजलेल्या शेपट्या कापून जनावरं खडखडीत बरी झाली, आणि मग लांबून लांबून लोक शेपट्याच घेऊन यायला लागले. दारात चिरडलेल्या, भांडणात फाडलेल्या, नुसत्या आनंदाने भिंतीवर आपटून आपटून रक्ताळलेल्या. लोक त्यांना मागून शेपटीबाई म्हणायचे. आई पाहुण्यांना "मुलगी डॉक्टर आहे" एवढंच सांगून घाईघाईने विषय बदलायची. धाकटे दीर जेवायला आले की हमखास विचारायचे, "वहिनी, आज कुणाकुणाची शेपूट घालायची सोय काढून घेतलीत?" हा विनोद ते अकरा वर्षं करत होते आणि अकरा वर्षं स्वतःच हसत होते.

दोन तऱ्हेची माणसं बाईंच्या डोक्यात जात. एक, धडधाकट पिल्लू आणून "शेपूट तेवढं छाटा, रुबाबदार दिसतं" म्हणणारी. दुसरी, काळंनिळं पडलेलं शेपूट पुढे करून "थोडं तरी ठेवा हो" म्हणणारी. चांगलं शेपूट कापायची लोकांना घाई आणि कुजलेल्यावर जीव! बाईंना वाटे, शेपूट जनावराला असतं पण बुद्धी वाकडी माणसाची असते, आणि ती कुठल्याही नळीत घातली तरी सरळ व्हायची नाही.

त्यांची स्वतःची एक पद्धत होती. शेंड्यापासून सुई टोचत वर जायचं. जिथे जनावर वळून बघेल तिथे जिवंत शेपूट सुरू झालं. त्याच्या वर दोन बोटं लाल दोरा बांधायचा, आणि कापायचं ते तिथेच. दोरा आदल्या दिवशी बांधला असला, तर भूल द्यायच्या आधी पुन्हा एकदा सुई. म्हातारे कंपाउंडर म्हणत, "बाईंचा दोरा म्हणजे कोर्टाचा निकाल." त्यावर बाई म्हणत, "निकाल सुईचा, काका. दोरा नुसता शिपाई."

एके संध्याकाळी शिंपीमास्तर आले. वय सत्तरीच्या पुढे, गळ्यात मापाची टेप तशीच, आणि कापडात गुंडाळलेली काळी मांजर. तिचं नाव चिंधी. कापडांच्या ढिगात सापडली म्हणून चिंधी. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, लेक दूर देशी. दिवसभर मशीनशेजारी बसून त्यांचं बोलणं ऐकून घेणारं एवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते माणूस नव्हतं. दुकान बंद करताना मास्तरांनी शटर ओढलं आणि चिंधीचं शेपूट खाली सापडलं.

"मीच ओढलं हो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "या हातांनी."

बाईंनी सुई टोचली. काळ्या शेपटाच्या मध्यावर एक पांढरा पट्टा होता; शेंड्याकडून त्या पट्ट्यापर्यंत चिंधीला काहीच कळलं नाही. पट्ट्याच्या वर टोचलं तेव्हा ती फिस्कारली. बाईंनी आणखी दोन बोटं वर लाल दोरा बांधला. पोटात दूध होतं, म्हणून भूल देता येत नव्हती. उपाशी ठेवून सकाळी आणा, असं त्यांनी सांगितलं.

"इतकं वर?" मास्तर कळवळले. "थोडं ठेवता नाही का येणार?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या आधी एक गृहस्थ पिल्लू घेऊन आले होते. छाटा म्हणाले. बाई नाही म्हणाल्या. गृहस्थ म्हणाले, "अहो, तुम्हाला शेपट्या कापायची सवय आहे म्हणून आलो ना!" पुढची वीस मिनिटं बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला. गृहस्थ गेले, पण डोकं तापलं ते तापलंच. त्याच तंद्रीत त्यांनी चिंधीला भूल दिली आणि हात धुतले. भूल चढेपर्यंत कंपाउंडरांनी दोऱ्याभोवतीचे केस काढून जागा साफ करून ठेवली होती. बाईंनी दोरा पाहिला आणि कापलं. टाके सुरेख बसले. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात," कंपाउंडर म्हणाले, "आपल्याकडे शेपूट जातं आणि हत्ती राहतो." बाई हसल्यासुद्धा.

पाचव्या दिवशी मास्तर चिंधीला घेऊन धावत आले. टाके उसवले होते, कडा काळी पडली होती, वास येत होता. बाईंनी पट्टी सोडली आणि थबकल्या. उरलेल्या तुकड्यावर पांढरा पट्टा जसाच्या तसा होता.

"मी दोरा पट्ट्याच्या वर बांधला होता," त्या म्हणाल्या. "मास्तर, दोऱ्याला हात लावला होतात?"

मास्तरांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळायला घेतलं. "थोडा खाली सरकवला. आमच्यात कापड नेहमी दोन बोटं वाढवूनच कापतात, डॉक्टरबाई. जास्त झालं तर आत घेता येतं. कमी पडलं तर आणायचं कुठून? माझ्याच हातून गेलेलं... म्हटलं, जेवढं राहील तेवढं..."

"हे काय परकराचं कापड आहे?" बाई कडाडल्या. "तुम्ही वाचवायला दोन बोटं जास्त ठेवता, आम्ही वाचवायला दोन बोटं जास्त कापतो! मेलेलं ठेवलं की ते जिवंताला खातं! पन्नास वर्षं कात्री चालवलीत, एवढं कळू नये?"

त्या बराच वेळ बोलल्या. बोलता बोलता बाईंना आठवलं, की त्या दिवशी सुई टोचलीच नव्हती. ट्रेमध्ये ठेवलेली सुई तशीच राहिली होती. सुई टोचली असती तर दोरा कुणी कुठेही सरकवला तरी कळलं असतं. हे आठवलं आणि त्या आणखीनच मोठ्याने बोलू लागल्या.

दुसऱ्यांदा कापावं लागलं ते अगदी बुडाशी. जखम भरत आली, पण चिंधीची लघवी बंद झाली. लघवी सोडायचा निरोप नेणाऱ्या नसा त्याच भागातून जातात. त्यांना सूज आली असेल तर उतरेल. नसा गेल्या असतील तर काही उपाय नाही. बाईंनी दहा दिवसांची मुदत सांगितली. त्यानंतर जनावराला असं रोज पिळत ठेवणं बरं नव्हे, हेही स्पष्ट सांगितलं.

मग मास्तर दिवसातून तीनदा यायला लागले. बाई पोट दाबून लघवी काढायच्या. मास्तर बाकावर बसून शेजारच्या प्रत्येकाला सांगायचे, "माझ्या दोन बोटांनी घात केला. डॉक्टरबाईंनी बरोबर बांधला होता. मीच शहाणपणा केला." कुत्रीवाल्यांना सांगितलं, मांजरवाल्यांना सांगितलं, दिव्याचं बिल वाटायला आलेल्यालाही सांगितलं. आतून ऐकताना बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस गप्प का बसत नाही! पण तो गप्प बसला असता तरी आत काहीतरी टोचतच राहिलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. सुई टोचली नव्हती हे कंपाउंडरांनाही ठाऊक होतं. ट्रे आवरला होता तो त्यांनीच. ते काही बोलत नव्हते, आणि बाईंना त्याचाही राग येत होता.

नवव्या दिवशी दुपारी बाक रिकामा होता. बाई खुर्चीत बसल्या, चिंधीला मांडीवर घेतलं आणि पोट चाचपायला लागल्या. लघवीचा फुगा तट्ट होता. मास्तर समोरच्या स्टुलावर बसले होते. आज त्यांच्या गळ्यात टेप नव्हती.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "उद्याची वाट कशाला बघायची? शटर मी ओढलं, दोरा मी सरकवला. दोन्हीदा मीच. आता तिला आणखी त्रास नको. द्या सोडवून. मी इथेच बसतो तोवर."

"गप्प बसा!" बाई ओरडल्या. कंपाउंडर दारात आले. "नऊ दिवस तेच पुराण! मी, मी, मी! सगळं तुम्हीच केलंत का? दोरा काय, कुणीही सरकवेल! वाऱ्याने सरकेल! म्हणून भूल द्यायच्या आधी सुई टोचायची असते. बावीस वर्षं टोचत आले मी. तुमच्या मांजरीला नाही टोचली. डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. टोचली असती तर तेव्हाच कळलं असतं, ही आज धावत असती. कळलं? माझी चूक आहे. आणि मी तुम्हाला बोलून घेतलं, सगळ्यांसमोर बोलून घेतलं, आणि तुम्ही आपले..."

बाईंना डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"असू दे हो," मास्तर हळूच म्हणाले. "उसवतं कधीकधी. चांगल्या हातचंही उसवतं."

बाई काही तरी तिखट उत्तर देणार होत्या. तेवढ्यात त्यांच्या मांडीला कोमट लागलं. बाईंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही हात चिंधीच्या पाठीवर होते, पोट कुणीच दाबलं नव्हतं. ओल कोटातून झिरपत गुडघ्यापर्यंत आली आणि थेंब थेंब फरशीवर पडू लागली.

मास्तर धडपडत उठायला लागले. कंपाउंडर फडकं आणायला वळले.

"हलू नका!" बाई दबक्या आवाजात खेकसल्या. "कुणी हलू नका. होऊ दे तिची सगळी."