आत्ता घरात कोण कोण आहे?

भुताखेतांच्या गप्पा रंगात आल्या की 'तेव्हा लाईट होती का?' असं विचारून सगळ्यांचा विरस करणारी एक खडूस बाई प्रत्येक गोतावळ्यात असते. आमच्याकडे ती मी. पेशाने लहान मुलांची सायकॉलॉजिस्ट. औषधं देत नाही, बोलते. 'मॅडम, ह्याला बाहेरचं काहीतरी आहे' म्हणणाऱ्या पालकांना ताळ्यावर आणण्यात माझी निम्मी शक्ती जाते. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी एका स्टार्टअपसाठी काम करते. मुलांचं कौन्सेलिंग, सगळं व्हिडिओ कॉलवर. ऑफिस बंगळुरूला आणि मी सोलापुरात, आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. पडदे ओढलेले, आवाज नको म्हणून कूलर बंद, कानात हेडफोन. 'हिला मोबाईलवर गप्पा मारायचा पगार मिळतो,' असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. फारसं खोटं नाही ते.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवते. एक — सेशन सुरू करताना मुलाला विचारावंच लागतं, 'आत्ता घरात कोण कोण आहे?' मोठं माणूस जवळ नसेल तर सेशन करायचं नाही. दुसरी — मुलाच्या किंवा माझ्या घरातला पसारा दिसू नये म्हणून आमचं अ‍ॅप मागचं सगळं धूसर करतं. माणूस तेवढा स्पष्ट दिसतो. शेजारी आणखी कुणी येऊन बसलं तर तेही स्पष्ट दिसतं.

गौरी सोलापूरजवळच्या कुंभारी गावची, आठ वर्षांची. दिवाळीनंतर एकाएकी बोलायची थांबली होती. शाळेत नाही, घरात नाही, आईशीसुद्धा नाही. कान-घसा सगळं तपासून झालं होतं. 'उन्हाळ्यापर्यंत बोलली नाही तर दुसरी शाळा बघा,' असं शाळेनं सांगितलं होतं. तिची आई, महानंदा, कपडे शिवायच्या कारखान्यात काम करायची. पहिल्या कॉलला मी तिला नेहमीचं विचारलं, घरात कुणी वारलंय का? 'न्हाय हो मॅडम. आमच्या घरात सगळी नीट हायत. ही अशीच गप झाली.'

नंतरच्या दोन सेशनमध्ये गौरी एकटीच स्क्रीनसमोर असायची. मोठं माणूस जवळ आहे ना, यालाही नुसती मान हलवायची; बाकी मानेने हो-नाही, स्क्रीनवर बोटांनी चित्रं. तिसऱ्याला मी सवयीने विचारलं, 'आत्ता घरात कोण कोण आहे?' तर डावीकडे बघून ती चक्क बोलली.

'आई.'

किती महिन्यांनी आलेला तो शब्द... माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तसं दाखवलं नाही म्हणा.

त्यानंतर ती थोडं थोडं बोलू लागली. शाळेचं, मैत्रिणीचं, मांजराचं. पण एक खटकायचं. प्रत्येक उत्तराआधी ती डावीकडे बघायची, आणि हेडफोनमध्ये बायकी आवाजात पुटपुटणं यायचं — 'हेळ... हेळ.' सोलापुरात राहून एवढं कानडी कळतंच, हेळ म्हणजे सांग. आई प्रॉम्प्टिंग करतेय, मला वाटलं. त्या बाजूला भिंतीचा एक तुकडाही कायम स्पष्ट दिसायचा. बाकी सगळं धूसर, आणि तेवढाच निळा रंग, खिळा, खिळ्याला अडकवलेली पिशवी. माणूस काही दिसायचं नाही. बाई कॅमेऱ्याला लाजून कडेला बसत असेल, असं मी धरून चालले.

शेवटी एकदा मी त्या बाजूला बघून जरा करड्या आवाजातच म्हणाले, 'ताई, तुम्ही बोलू नका. तिचं तिला बोलू द्या.'

पुटपुटणं थांबलं. भिंतीचा तो तुकडा धूसर झाला. आणि गौरीही गप्प झाली, आधी होती तशीच.

मी लगेच महानंदाला फोन लावला. म्हटलं, माझं बोलणं लागलं असेल तर माफ करा, पण शेजारी बसून तिला सांगत जाऊ नका.

'मी कुटं बसते मॅडम? ह्या टायमाला मी कामावर असते की. शेजारच्या काकू दाराशी बसत्यात, त्यास्नी सांगून ठेवलंय.'

'पण गौरी म्हणाली, आई आहे.'

तिच्या मागे शिलाई मशिनींचा आवाज येत होता. ती म्हणाली, 'ती मला मम्मी म्हणती. आमच्यात कानडी बोलत्यात, आयी म्हंजे आज्जी. माझी आई.'

मला हायसं वाटलं. मी आई ऐकलं होतं, पोर आयी म्हणत होती... एवढंच होतं तर. 'मग बरंच आहे,' मी म्हणाले, 'आजी असतात ना जवळ.'

'मॅडम, आयी दिवाळीत वारली. तिकडं अक्कलकोटकडं, गावाला.'

'अहो, मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?'

'तुमी घरातलं इचारलं. ती माहेरची न्हवं का?'

मग तिनं सगळं सांगितलं. म्हातारी रोज व्हिडिओ कॉल करायची. शेवटच्या दिवशी गौरी कशावरून तरी रुसली होती. आयी तिकडून लई वेळ हेळ, हेळ करत राहिली. पोरीनं तोंड उघडलं नाही, मोबाईल पालथा घातला. सकाळी गावाकडून निरोप आला.

पुढच्या सेशनला महानंदा रजा काढून गौरीच्या उजवीकडे बसली. डावीकडे सगळं धूसर. गौरी खाली मान घालून. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. येत होतं ते बोलणं माझ्यामुळे गेलं, हे मला आतून खात होतं. शाळेची मुदत जवळ आली होती, आणि माझ्याकडचे सगळे उपाय करून झाले होते.

मग मी ते केलं, जे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. त्या रिकाम्या डाव्या बाजूला बघून म्हणाले, 'आयी, माझं चुकलं. तुम्ही बसा तिच्याजवळ. विचारा तिला.'

महानंदा माझ्याकडे बघतच राहिली. तोंडाला तिनं पदर लावलेला होता.

डावीकडची भिंत हळूहळू स्पष्ट झाली. निळा रंग, खिळा, पिशवी. आणि माझ्या हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, थकलेला पण लाडिक आवाज आला, 'ऊटा आतेन, गौरी?'

गौरीनं डावीकडे मान वळवली.

'आत, आयी,' ती म्हणाली. 'आत.'

मग तो भिंतीचा तुकडा परत धूसर झाला... शेजारचं माणूस उठून गेल्यावर होतो तसा.

महानंदा हुंदके देत होती. थोड्या वेळानं म्हणाली, 'मॅडम, ही कुणाशी बोलली?' तिनं फक्त मुलीचा आवाज ऐकला होता. मी काय ऐकलं ते सांगितल्यावर तिनंच मला अर्थ सांगितला. जेवण झालं का? झालं. आयीचा रोजचा पहिला प्रश्न. तोपर्यंत मला तो कुणीही सांगितलेला नव्हता.

गौरी आता बोलते. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणाली त्या दिवशी महानंदानं कामावरूनच फोन केला. दोघीही रडलो. आमची टेक्निकल टीम म्हणते, निळ्या भिंतीवर उजेड पडला की अ‍ॅपचं ब्लर चुकतं. चुकत असेल. पण तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय.

'आत्ता घरात कोण कोण आहे?' हे मी अजूनही विचारते. नियमच आहे तो. फक्त माझ्या बाजूचं ब्लर मी कायमचं बंद करून टाकलंय; आता माझ्या मागचं सगळंच सारखं दिसतं. बाकी सगळं धूसर आणि माझ्या शेजारची भिंत तेवढी अशी एखाद्या दिवशी स्पष्ट झालेली मला बघवणार नाही.