ऑटोफॅजीचा सत्कार

सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवून डॉक्टरबाई म्हणाल्या, "पीसीओएस आहे." म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडतो, अंडं वेळेवर तयार होत नाही, पाळी रेंगाळते. मला ऐकू आलं एवढंच, की आता मूल होणं कठीण.

त्यांनी जेवणासोबत घ्यायची गोळी दिली, रोज चालायला सांगितलं. इतका साधा इलाज कोणाला पटतो? मी शिकवते त्या शाळेतल्या सहकारी मला बोरगाव मेघेच्या एका मंगल कार्यालयात घेऊन गेल्या. तिथे 'पेशीशुद्धी शिबिर' होतं. गुरुजी पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत. आता पेशींवर आले होते.

त्यांचा मंत्र एकच, ऑटोफॅजी. म्हणजे पेशीने स्वतःचे झिजलेले भाग मोडून पुन्हा वापरणं. हे खरं आहे. त्यापुढचं सगळं गुरुजींचं. "उपाशी राहा, अंडाशय नवं होईल. गोळ्या बंद. मूल नक्की." टाळ्या.

समारोपाला, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, सत्कार. सर्वांत जास्त दिवस उपाशी राहिलेली म्हणून मला शाल-श्रीफळ. नारळ हातात आला आणि मी स्टेजवरच कोसळले.

गुरुजी माईकवर म्हणाले, "घाबरू नका! शरीर कचरा बाहेर टाकतंय."

समोर बसलेल्या माझ्या सेलूच्या सासूबाई ओरडल्या, "कचरा नाई, माही सून हाये ते! पाणी आण नं, भाषण काऊन देऊन राह्यला?"

दवाखान्यात सलाईन लागलं. साखर खूप उतरली होती. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. मी ऑटोफॅजीचं विचारलं, तर म्हणाल्या, "पीसीओएसमध्ये ती बिघडलेली दिसते. कुठे कमी, कुठे जास्त. ते आजाराचं कारण की परिणाम, अजून नीट कळलेलं नाही. उपाशी राहून ती अंडाशयात हवी तशी चालवता येते, असं मी तरी सांगू शकत नाही."

डॉक्टरबाईंची पाठ वळताच सासूबाई म्हणाल्या, "एवढी शिकून हिलेबी ठाऊक नाई!" पण घरी आल्यावर माझं ताट वेळेवर वाढू लागल्या त्याच.

गोळी, जेवण, चालणं. काही महिन्यांनी पाळी आपली आपण आली. मी डॉक्टरबाईंना विचारलं, "मूल होईल?"

"शक्यता चांगली आहे. खात्री देणार नाही."

बायांनो, खात्री मला हारतुऱ्यांसह मिळालेली आहे. त्या दिवशी मात्र ही बिनखात्रीची शक्यता घेऊन मी घरी आले आणि पोटभर जेवले.