पिशवीवाली

त्या कादंबरीतली दोघं भलतीच देखणी होती. उसासे टाकायची, पत्रं लिहायची, आणि ती पत्रं पोचवायला नायिकेची एक मैत्रीण होती. लेखकाने तिला नाव द्यायचेही कष्ट घेतले नव्हते. मधल्या एका प्रकरणात दोघं आगगाडीने पळून जातात. मैत्रीण नायिकेची पिशवी घेऊन फलाटावर उभी असते, ती खिडकीतून आत देते आणि गाडी सुटते. पुढच्या शंभरेक पानांत तिचा उल्लेखसुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो.

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. मॅट्रिक होऊन मी बदनापूरला घरीच बसले होते. वडील रोज गाडीने जालन्याला नोकरीला जात आणि तिथल्या वाचनालयातून पुस्तकं आणत. दुपारी ओसरीवर आमच्याकडे रोजाने येणारी मावशी तूरडाळ निवडायची, तिची लेक पाखडायची आणि मी मोठ्याने वाचायची. माझ्यासारखं वाचणारी गावात दुसरी कुणी नाही, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

मावशीला प्रेमाबिमात रस नव्हता. फलाटाचं प्रकरण संपलं तसं तिने विचारलं, "मंग ती पोरगी घरी पोचली का न्हाई?"

"कोणती?"

"पिशवीवाली."

"तिचं पुढं काही न्हाई, मावशी. गोष्ट त्या दोघांची आहे."

"आसं कसं? दिवस मावळून राह्यला, पोर एकली उभी हाये. कुणी न्यायला नको तिला?"

मला हसू आलं. पण दुसऱ्या दिवशीही तिने तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. लेकीने तर पुस्तक मागून घेतलं आणि अक्षरओळख नसताना त्या पानाकडे कितीतरी वेळ बघत बसली. मला उगीचच कसंतरी झालं.

त्याच आठवड्यात माझी खरीखुरी मैत्रीण एका मुलाबरोबर पळून जायला निघाली. ती घरून रिकाम्या हातांनी बाहेर पडणार, आणि तिची पिशवी मी स्टेशनवर पोचवायची, असं ठरलं. मी हो म्हटलं आणि मग भ्याले. तिचे भाऊ, माझे वडील, माझं ठरत आलेलं लग्न, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला ती फलाटावरची मुलगी व्हायचं नव्हतं. म्हणून मी पिशवी मावशीच्या लेकीच्या हातात दिली.

"फक्त नेऊन दे. कुणाला सांगू नको."

"बराबर देते, ताई," ती म्हणाली. मोठं काम मिळाल्यासारखी खूश होती.

दोघं गेली. गावभर त्यांचीच चर्चा सुरू झाली. मावशीची लेक घरी आली नाही. गाडी सुटल्यावर ती बाकावर बसली होती, रिकामे हात मांडीवर ठेवून, असं हमालाने सांगितलं. त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. विहिरी पाहून झाल्या, जालन्यापर्यंत माणसं जाऊन आली. चार दिवसांनी गाव पुन्हा त्या दोघांच्या गोष्टी बोलायला लागलं.

आठवड्याने मावशी आली, आपल्या जागेवर बसली आणि तिने सूप ओढून घेतलं. "वाच," ती म्हणाली. "ते फलाटाचं."

मी वाचलं. प्रकरण संपलं तरी मी थांबले नाही. पुस्तकात नसलेली वाक्यं वाचत राहिले. पोरगी बाकावरून उठली, रुळांच्या कडेकडेने चालत आली, आईने दार उघडलं. मावशीचे हात डाळीवर फिरत होते.

मग रोज तेच. मावशी मध्येच विचारायची, "पायात चप्पल हाये का तिच्या?" किंवा, "कुत्री भुंकली का?" माझ्या उत्तराची वाट न बघता दाराकडे पाहायची. मग मीही पाहायची. एका दुपारी बाहेर चपला वाजल्या आणि थेट उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या. दोघींनी ऐकल्या. मी उठून पाहिलं, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मावशी जागची हललीही नाही.

पुस्तक परत द्यायच्या दिवशी तिने सूप खाली ठेवलं.

"आज मागून वाच," ती म्हणाली. "पिशवी तिच्या हातात कुणी देल्ती, तिथून."

मी पानं चाळल्याचं नाटक केलं. "ते यात न्हाई, मावशी," म्हणाले. ती उठली, पदर झटकला आणि निघून गेली. आमच्याकडे कामाला ती पुन्हा आली नाही.

ते पान आज वाचते आहे. मी दिली होती, मावशी.